‘एस. आर. वाय.’ म्हणजे कोण, आणि ही ‘अर्धवेळ’ माणसं अलेप्पोला कशी पोचली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडच्या जुन्या घरात, ट्रंकेच्या तळाशी, पणजोबांचा एक फोटो सापडला. खाकीतले सात-आठ जण, काही फेटेवाले, काही साहेबी टोपीवाले, मागे घोडे. पाठीमागे पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलंय: ‘विथ एस. आर. वाय., अलेप्पो, १९१८’. पणजोबा पूना हॉर्समध्ये, म्हणजे इंग्रजांच्या हिंदुस्थानी घोडदळातल्या एका रेजिमेंटमध्ये, होते असं आजी सांगायची. शोधाशोध केल्यावर एस. आर. वाय. म्हणजे शेरवुड रेंजर्स यॉमनरी हे कळलं, पण तिचं वर्णन ‘पार्ट-टाइम व्हॉलंटिअर कॅव्हलरी’ असं आहे. मग अर्धवेळ हौशी लोक सिरियात काय करत होते? पणजोबा त्यांच्या हाताखाली होते का? की या दोन्ही एकच?

ताई, आधी झटपट उत्तर देतो, मग बैठकीने सांगतो. अंदाज बरोबर आहे, ती शेरवुड रेंजर्सच. ती आणि पूना हॉर्स या दोन वेगळ्या रेजिमेंटा, १९१८ मध्ये एकाच ब्रिगेडमध्ये होत्या (काही रेजिमेंटा मिळून एक ब्रिगेड, काही ब्रिगेड मिळून एक डिव्हिजन). पूना हॉर्स त्यांच्या हाताखाली नव्हती, बरोबरीने होती. आणि त्या वर्षी अलेप्पोत त्यांच्यातला एकही माणूस अर्धवेळ नव्हता.

खरी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. ‘अर्धवेळ स्वयंसेवक घोडदळ’ हे वर्णन १७९४ ला चपखल बसतं, १९०८ ला जरा वेगळ्या अर्थाने बसतं, १९१८ ला जवळजवळ बसतच नाही. नाव मात्र तेच राहतं. मी वीसेक वर्षं पदकं आणि पलटणींचे कागद वाचून घराघरांतल्या अशा फोटोंचा छडा लावतो. त्यातून एक सवय लागली आहे. यॉमनरीचं नाव दिसलं की मी आधी लढाई शोधत नाही. त्या तारखेला हा माणूस कुठल्या अटीवर बांधलेला होता, आणि त्या अटीवर त्याला समुद्रापार नेता येत होतं का, हे आधी बघतो. तुमच्या फोटोचं कोडंही त्याच वाटेने सुटतं.

आता मुळापासून. यॉमन म्हणजे इंग्लंडमधला स्वतःची जमीन राखून असलेला, खाऊनपिऊन सुखी शेतकरी. आपल्याकडचा जवळचा शब्द मिरासदार. उपऱ्या कुळापेक्षा वर, जहागीरदारापेक्षा खाली. फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडालं होतं, १७९३ पासून फ्रान्सशी युद्ध जुंपलं होतं, आणि तिकडचं सैन्य किनाऱ्यावर उतरेल ही धास्ती होती. १७९४ च्या वसंतात पंतप्रधान विल्यम पिटच्या सरकारने परगण्या-परगण्यातून घोडेस्वारांच्या स्वयंसेवी तुकड्या उभारायला सांगितलं, तीच यॉमनरी. नॉटिंगहॅमशायरच्या तुकड्या त्याच वर्षी उभ्या राहिल्या. अधिकारी म्हणजे त्या भागातले जमीनदार, स्वार म्हणजे शेतकरी आणि पुष्कळदा त्याच जमीनदारांची कुळं. अधूनमधून कवायत, एरवी आपापलं शेत. बोलावणं आलं तरच पगार. त्या बदल्यात मिलिशियाच्या, म्हणजे परगण्याच्या राखीव पायदळाच्या, सक्तीच्या चिठ्ठीतून सुटका. मोठी अट दोन शब्दांची: देशाबाहेर नाही.

‘स्वयंसेवक’ हा शब्द म्हणूनच मला इथे खटकतो. तो ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे गणपतीच्या मिरवणुकीत दोरी धरणारी पोरं येतात. मराठी वाचकाला समजवायचं तर मी शिलेदार म्हणतो. बारगीर सरकारच्या घोड्यावर बसतो, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येतो. यॉमनही स्वतःचा घोडा घेऊन यायचा. आणि गंमत बघा, तुमच्या पणजोबांची पूना हॉर्स ही तर अक्षरशः शिलेदारी रेजिमेंट. १८१७ मध्ये पेशव्यांवर लादलेल्या तहातून, पेशव्यांच्याच खर्चाने उभा केलेला रिसाला तो. इंग्रजांनी आपली शिलेदारी पद्धत उचलून हिंदुस्थानी घोडदळात जवळजवळ शंभर वर्षं चालवली. स्वार भरती होताना ‘असामी’ म्हणून रक्कम भरायचा, त्यातून घोडा आणि सरंजाम. फरक एवढाच की आपला शिलेदार पूर्णवेळ शिपाई होता, आणि नॉटिंगहॅमशायरचा यॉमन सुगीच्या दिवसांत शेतावर.

फ्रेंच काही नॉटिंगहॅमशायरला आले नाहीत. वेल्समध्ये फिशगार्डला १७९७ मध्ये एक फ्रेंच तुकडी उतरली आणि दोन दिवसांत शरण आली. तिथल्या पेम्ब्रोक यॉमनरीला त्याचा रणसन्मान पुढे १८५३ मध्ये मिळाला. ब्रिटनच्याच भूमीवरचा असा सन्मान एवढा एकच. बाकी पहिली पन्नासेक वर्षं यॉमनरीची तलवार बहुतेक वेळा आपल्याच लोकांवर उगारली गेली, आणि रेजिमेंटच्या गौरवगाथांत हे प्रकरण पान उलटून पुढे जावं तसं सांगितलं जातं. मी मुद्दाम थांबतो. १८११ मध्ये विणकरांनी मोज्यांचे माग फोडायला सुरुवात केली ती नॉटिंगहॅमशायरमध्येच. पोलीस नावाचं खातं तेव्हा नव्हतं. दंगल झाली की मॅजिस्ट्रेट यॉमनरीला बोलावायचा. माग फोडणारा भुकेला विणकर आणि घोड्यावरचा सुखवस्तू शेतकरी एकाच परगण्यातले, कधीकधी एकाच चर्चमध्ये बसणारे. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताधिकारासाठी जमलेल्या प्रचंड सभेत तिथली यॉमनरी घुसली. किमान पंधरा माणसं मेली, शेकडो जखमी झाली. लोकांनी त्याला वॉटर्लूच्या चालीवर ‘पीटर्लू’ म्हटलं. शेरवुड रेंजर्स तिथे नव्हते, पण डाग सगळ्यांनाच लागला. ऑक्टोबर १८३१ मध्ये उमरावांच्या सभागृहाने मताधिकाराचं सुधारणा विधेयक फेटाळलं, तेव्हा जमावाने नॉटिंगहॅमचा किल्लाच पेटवून दिला, आणि यॉमनरीला पुन्हा खोगीर चढवावं लागलं.

शेरवुड रेंजर्स हे नाव १८२८ चं. सरकारने खर्च कमी करण्यासाठी यॉमनरीच्या अनेक तुकड्यांचं अनुदान काढून घेतलं ते याच सुमाराला. तग धरली ती बहुतांशी जिथे गिरण्या होत्या आणि दंग्यांची भीती होती तिथल्यांनी. नाव रॉबिन हुडच्या शेरवुडच्या जंगलावरून, बिल्ल्यावर शिकारीचं शिंग. जंगलखात्याचे रेंजर नव्हेत, हे सांगून ठेवतो, कारण हा प्रश्न मला दर दोन वर्षांनी कोणीतरी विचारतं. त्यानंतरचा अर्धशतकाचा काळ परेडी, मेजवान्या, कोल्ह्याची शिकार आणि नव्या गणवेशाचा. तो भराभर ओलांडू.

डिसेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी एका आठवड्यात ब्रिटिश फौजेला तीनदा मार दिला. घोड्यावरून येऊन, उतरून बंदुकीने अचूक नेम धरणाऱ्या शत्रूपुढे त्यांना तसेच स्वार हवे होते. घरी यॉमनरी होती, पण तिची अट आडवी आली. त्यावरचा तोडगा बघण्यासारखा आहे. रेजिमेंटला हात लावलाच नाही. २४ डिसेंबर १८९९ च्या राजाज्ञेने ‘इंपीरियल यॉमनरी’ नावाची वेगळी फौज काढली आणि यायचं त्याने नव्याने सही करून यावं असं ठरलं. शेरवुड रेंजर्समधून एक कंपनी झाली, ती तिसऱ्या बटालियनमध्ये गेली. तलवार नाही, बंदूक. पहिल्या भरतीत घोड्यावर वाढलेली माणसं होती. १९०१ च्या दुसऱ्या भरतीत दिवसाला ५ शिलिंग पगार लावला, आणि घोड्यावर कधी न बसलेलेही आले. घरात बोअर युद्धाचं यॉमनरीचं पदक असेल तर मी पहिल्यांदा ही भरती कोणती ते विचारतो.

१ एप्रिल १९०८ ला युद्धमंत्री हॉल्डेन यांनी सगळी स्वयंसेवी फौज एका चौकटीत आणली. तिचं नाव टेरिटोरियल फोर्स, आणि यॉमनरी तिचं घोडदळ. ठरावीक कवायती, दरसाल उन्हाळी छावणी, नीट कागदपत्रं. अट मात्र जुनीच: देशात संरक्षण. म्हणून ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटल्यावर प्रत्येकाला विचारलं गेलं, परदेशी जायला तयार आहेस का? ज्यांनी सही केली त्यांना उजव्या छातीवर लावायला ‘इंपीरियल सर्व्हिस’ लिहिलेली छोटी पट्टी मिळाली. जुन्या फोटोत ती दिसली की मला आनंद होतो. फोटो १९१४ च्या आसपासचा असावा, आणि माणूस स्वतः हो म्हणून गेलेला असावा, हे एका पट्टीवरून कळतं.

इथेच कागद वाचताना हमखास घसरायला होतं. हो म्हणणारे ‘१/१’, घरी राहणारे आणि नवे आलेले ‘२/१’, प्रशिक्षणासाठी ‘३/१’. एका नावाच्या तीन रेजिमेंटा झाल्या. मी सुरुवातीच्या काळात एका घराला छातीठोक सांगितलं होतं की त्यांचे आजोबा तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला लढले. नंतर कागद पुन्हा पाहिले तर आकडा २/१ होता. दुसऱ्या फळीतल्या बऱ्याच यॉमनरी रेजिमेंटांचे घोडे १९१६ मध्ये काढून घेऊन त्यांना सायकली दिल्या होत्या. आजोबा इंग्लंडच्या किनाऱ्यावर सायकलवरून गस्त घालत होते. ते पत्र लिहिताना फार जड गेलं. तेव्हापासून आकड्याआधी मी काही बोलत नाही.

१/१ शेरवुड रेंजर्स एप्रिल १९१५ मध्ये इजिप्तला निघाले. ऑगस्टमध्ये घोडे तिथेच ठेवून त्यांना गॅलिपोलीच्या सुवला उपसागरात पायी उतरवलं. २१ ऑगस्टला यॉमनरीची आख्खी डिव्हिजन, पाच हजारांच्या आसपास माणसं, कोरड्या पडलेल्या मिठाच्या तळ्यावरून उघड्यावर तोफांच्या माऱ्यात चालत गेली. पायदळाच्या रांगा करून, जणू कवायत. हजाराहून जास्त मेले किंवा जखमी झाले, आणि टेकडी हाती लागली नाही. पुढे ग्रीसमधलं सालोनिका, आणि १९१७ च्या उन्हाळ्यात परत इजिप्त. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पॅलेस्टाइनमध्ये तुर्कांविरुद्धच्या गाझाच्या तिसऱ्या लढाईच्या मोहिमेत ते पुन्हा खोगिरावर होते.

आता तुमचे पणजोबा येतात. फ्रान्समध्ये खंदकांच्या युद्धात घोडदळाला काम उरलं नव्हतं, आणि माणसांचा मात्र तुटवडा होता. म्हणून १९१८ च्या सुरुवातीला फ्रान्समधल्या हिंदुस्थानी रिसाल्यांना इजिप्तला हलवलं, आणि पॅलेस्टाइनमधल्या बऱ्याच यॉमनरी रेजिमेंटांचे घोडे काढून त्यांना मशीनगनवर फ्रान्सला धाडलं. शेरवुड रेंजर्सची जुळी बहीण साउथ नॉट्स हुसार्स अशीच निघाली. २७ मे १९१८ ला अलेक्झांड्रियाजवळ तिचं ‘लीसो कॅसल’ जहाज पाणबुडीने बुडवलं. शेरवुड रेंजर्स मागे राहिले, घोड्यांसकट. त्यांच्या ब्रिगेडच्या रिकाम्या जागी आल्या दोन हिंदुस्थानी रेजिमेंटा: २० वी डेक्कन हॉर्स आणि ३४ वी पूना हॉर्स. या तिघींची मिळून १४ वी कॅव्हलरी ब्रिगेड, ५ व्या कॅव्हलरी डिव्हिजनमध्ये. म्हणजे नॉटिंगहॅम, दख्खन आणि पुणे ही तीन नावं एका छावणीत आली.

१९ सप्टेंबरला पॅलेस्टाइनमध्ये मेगिद्दोची लढाई सुरू झाली. पायदळाने किनाऱ्यालगत तुर्की फळीला भोक पाडलं आणि घोडदळ त्यातून निसटून उत्तरेला धावलं. २० तारखेला १४ वी ब्रिगेड अफुला भागात होती, त्याच डिव्हिजनची दुसरी ब्रिगेड नाझरेथमध्ये घुसली. हायफा २३ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी घेतलं, तेही याच डिव्हिजनचे. १ ऑक्टोबरला दमास्कस पडलं. त्यानंतर शत्रूपेक्षा मलेरिया आणि इन्फ्लुएन्झाने माणसं जास्त आडवी केली. तरीही २६ ऑक्टोबरला डिव्हिजन अलेप्पोत होती. सव्वा महिन्यात ५०० मैलांहून जास्त घोडदौड. ३१ ला तुर्कांशी युद्धविराम लागू झाला, आणि फोटो काढायला सवड मिळाली. तुमचा फोटो बहुधा त्यानंतरचा.

त्यात उभे असलेले टोपीवाले कोण? १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीची भरती आली, आणि टेरिटोरियल माणसांचा ‘मी परदेशी जाणार नाही’ म्हणण्याचा हक्कही गेला. गॅलिपोली आणि मलेरियाने पडलेल्या खिंडारांत असे नवे लोक भरले. तेव्हा १९१८ ची रेजिमेंट म्हणजे थोडे १९१४ चे जुने शेतकरी आणि बाकी सक्तीने आलेले. घोडे सरकारी. आणि परमुलखात शिलेदारी पद्धत चालणं शक्यच नव्हतं, म्हणून पूना हॉर्सचेही घोडे तोवर सरकारच पुरवत होतं. दोन्हीकडचे शिलेदार अलेप्पोला पोचेपर्यंत बारगीर झाले होते! १९२१ नंतर शिलेदारी पद्धत मोडीतच निघाली.

हाताखाली होते का, याबद्दल थोडं. ब्रिगेडमध्ये प्रत्येक रेजिमेंटचा कमांडिंग ऑफिसर वेगळा, वरती ब्रिगेडियर. यॉमनरीचा हुकूम पूना हॉर्सवर चालत नव्हता. पण पूना हॉर्समधले वरचे अधिकारीही गोरेच होते, त्यामुळे ‘बरोबरी’ हा शब्द कागदापुरता धरा. एका शेकोटीला सगळे बसत असतील असं चित्र मी तरी रंगवणार नाही.

आणि एक नाजूक मुद्दा, रागावू नका. नावात पूना असलं तरी त्या काळी पूना हॉर्सचे स्वार प्रामुख्याने राजपूत, कायमखानी आणि पंजाबी मुसलमान होते. साताऱ्याकडचा मराठी माणूस तिथे स्वार असणं अशक्य म्हणत नाही, पण मला आधी दुसऱ्या शक्यता तपासाव्या लागतात. प्रत्येक रिसाल्यामागे मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे), नालबंद, पखाली, स्वयंपाकी असा मोठा लवाजमा असायचा, आणि त्यांत आपल्याकडची माणसं असणं अगदी शक्य आहे. घरात कालांतराने ‘पूना हॉर्समध्ये होते’ एवढंच उरतं. मोतद्दारानेही तेच ५०० मैल कापले, आणि दिवस संपल्यावर स्वार झोपला तेव्हा घोड्याला पाणी दाखवून, पाठ चोळून मगच तो आडवा झाला.

शेरवुड रेंजर्सची पुढची हकीगत तुमच्या फोटोच्या पलीकडची, म्हणून थोडक्यात. १९३९ मध्ये त्यांना पुन्हा घोड्यांसकट तयार केलं आणि पॅलेस्टाइनला नेलं. घोडे काढून घेतल्यावर काही काळ टोब्रुक आणि क्रीटमध्ये किनाऱ्यावरच्या तोफा सांभाळल्या, मग रणगाडे मिळाले. अल अलामीनला कवी कीथ डग्लस याच रेजिमेंटबरोबर होता. पिछाडीला डिव्हिजनच्या मुख्यालयात नेमणूक असताना हुकूम मोडून तो रेजिमेंट गाठायला गेला. ६ जून १९४४ ला कॅनव्हासची भिंत लावलेले तरते शर्मन रणगाडे घेऊन ते नॉर्मंडीत गोल्ड बीचवर उतरले. तीन दिवसांनी डग्लस मारला गेला, वय २४. १९६७ मध्ये रेजिमेंट आटून रॉयल यॉमनरीतली एक स्क्वाड्रन झाली, ती आजही नॉटिंगहॅमकडे आहे, आणि तिच्या बाबतीत ‘अर्धवेळ’ हा शब्द पुन्हा खरा झाला आहे. पूना हॉर्स मात्र भारतीय सेनेत पूर्णवेळ, रणगाड्यांवर.

तर तुम्ही आता काय करायचं? घरात पदक आहे का बघा. दोन असतील तर सप्तरंगी फितीचं, पंखवाल्या देवतेचं ते विजयपदक. ते सगळ्यांचं पितळी रंगाचंच असतं, त्यावरून काही ठरवू नका. दुसरं, राजाचा मुखवटा असलेलं, मधे नारिंगी पट्ट्याची फीत. ते चांदीचं असेल तर पणजोबा लढाऊ शिपाई होते असं धरता येईल, ब्राँझचं असेल तर लवाजम्यातले. मग भिंगाने पदकाची कड वाचा. नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट तिथे कोरलेली असते. पॉलिश करायच्या भानगडीत पडू नका, कोरीव अक्षरं झिजतात. ब्रिटिश शिपायांचे पहिल्या महायुद्धातले बहुतेक वैयक्तिक कागद सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनला जळाले, पण तुम्हाला त्यांची गरज नाही. लंडनमध्ये किऊ इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत युद्ध-दैनंदिन्या आहेत, त्यांत १४ व्या ब्रिगेडची मागवा. माणसांची नावं त्यात क्वचितच सापडतील, पण त्या दिवसांत छावणी कुठे होती ते कळेल.

फोटो स्कॅन कराल तेव्हा पाठही करा, आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून बोट फिरवू नका. मला आणखी एक हवं आहे: मागे जे घोडे दिसताहेत, त्यांचे लगाम कोणाच्या हातात आहेत, फेटेवाल्यांच्या की टोपीवाल्यांच्या? तेवढं बघून कळवा.